लाल पेनवाल्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

देव बरें करूं. आमच्या विद्यार्थिनी दरवर्षी मनोरुग्ण वॉर्डात पोस्टिंगला येतात तेव्हा त्यांना व्याख्या पाठ असतात. परत जाताना त्यांना पाहता येऊ लागलेलं असतं. हे तुमच्या लाल पेनाचं काम.

'रुग्ण विचित्र वागतो' ही नोंद तुम्ही सरळ खोडता. त्या जागी येतं: 'सकाळी १० ते १०.१५ कोपऱ्याकडे पाहून बोलत होता, दोनदा कान झाकले, विचारल्यावर म्हणाला, शेजारी शिव्या देतात.' मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: हे आवाज 'मार', 'उडी घे' असा हुकूमही देतात का?

दोरी साप वाटली तर इल्युजन, दोरीच नसताना साप दिसला तर हॅल्युसिनेशन, आणि शेजाऱ्याने घरात साप सोडलेत ही कशानेही न हलणारी खात्री म्हणजे डिल्युजन, हे मुलींना चटकन कळतं. अडतं ते जत्रेतल्या अवसराशी, म्हणजे अंगात येण्याशी. गावाने मानलेली श्रद्धा हा आजार नव्हे, हे तुम्ही ठामपणे सांगता. अवसर उतरल्यावर बाई नेहमीसारखी रांधपाला लागते का, की झोप, जेवण, काम सगळंच सुटलंय, तिकडे बघायला लावता. रुग्णाच्या भासावर वाद घालायचा नाही, हो ला हो करायचं नाही. 'मला ऐकू येत नाही, पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय', एवढंच बोलायचं.

सर्वांत मोठा उपकार डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने अचानक येणारा मानसिक गोंधळ, ओळखायला शिकवल्याचा. पाय मोडून दाखल झालेला, रोज फेणी पिणारा माणूस तिसऱ्या दिवशी थरथरतो, घामाघूम होतो, चादरीवरचे किडे वेचू लागतो. त्याला 'मेंटल' म्हणून बाजूला सारलं तर जीव जाऊ शकतो. दारू बंद झाल्यावर साधारण ४८ ते ९६ तासांत हे उद्भवतं. नाडी, रक्तदाब, ताप, साखर तपासायची, लगेच डॉक्टरांना कळवायचं, आणि ग्लुकोजआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) दिलंय ना, हे विचारायचं. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) महिने-वर्षं घेत येतो. डिलिरियम तासातासाला रंग बदलतो. पुस्तकात हा फरक एका तक्त्यात उरकलेला असतो.

मनःस्थितीचे चढउतार आवरणाऱ्या लिथियम या औषधाचंही तसंच. रक्तातली पातळी सहसा लिटरमागे ०.६ ते १.२ मिलिमोल हवी, नमुना शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी. मे महिन्याच्या उकाड्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा कुणी मीठ तोडलं की पातळी चढते. हात जोरात थरथरले, तोल गेला, तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन.

एक विनंती. गोळी गिळली की नाही ते पाहण्याची तुमची रीत, म्हणजे पाणी पाजणं, जिभेखाली आणि गालात पाहणं, मग दोन मिनिटं गप्पा मारणं, ही पुढच्या बॅचला पहिल्याच दिवशी दाखवा. गालात लपवलेल्या गोळ्या साठवून एकदम घेतल्या जातात, आणि मुलींचं लक्ष अजून ट्रेवरच असतं.

आपल्या,
मानसिक आरोग्य नर्सिंगच्या शिक्षिका, गोवा