चार्वाकाचं तूप

सर्वपित्री अमावास्या

प्रिय दिनेश,
सप्रेम नमस्कार.

दुबार पेरणीमुळे पऱ्हाटी मागं आहे, वेचणीला वेळ आहे. आठ दिवसांपासून एक गोष्ट सलते आहे, ती तुलाच सांगावीशी वाटली.

मोठे बाबा पेरणीसाठी काढलेल्या कर्जाची मुदत वाढवून मागायला गेले होते. मी सोबत होतो. प्लास्टिकच्या पिशवीतून पासबुक अन् सातबारा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. समोरच्यानं कागदाकडे न बघताच म्हटलं, "काय बाबा, चार्वाक झाले का? ऋण काढा अन् तूप प्या!" दोघं-तिघं हसले. परलोक न मानणारा जुन्या काळचा चार्वाक मोठे बाबांना ठाऊक नाही, पण तूप कळलं. येताना एसटीत एवढंच बोलले, "पोयाच्या दिवशी पुरणपोयीवर पडलं, तेवढंच तूप पाह्यलं रे बापू यंदा."

तुला आठवत असेल, बी.ए.ला वादविवादात मीही हाच श्लोक म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. आता त्या टाळ्यांची लाज वाटते.

चार्वाकांची मूळ सूत्रंच हरवली रे. उरलं ते बहुतेक विरोधकांनी खोडून काढण्यासाठी उतरवून घेतलेलं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलंच प्रकरण चार्वाकाचं आहे. त्यात आधी ओळ येते ती अशी : 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः'. जगशील तोवर सुखानं जग, मरणाच्या नजरेतून कुणी सुटत नाही. त्याच प्रकरणात पुढे तीच ओळ पुन्हा येते, तेव्हा मरण गायब आणि त्याच्या जागी 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्'! एकाच प्रकरणात दोन पाठ, दिनेश. मरणाची ओळ कुणी म्हणत नाही, तुपाची मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी.

त्याच प्रकरणातला त्यांचा एक प्रश्न बघ. श्राद्धानं मेलेला तृप्त होत असेल, तर गावाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधायची? घरीच कुणाला जेवू घाला, वाटेतल्याचं पोट भरेल. आज सकाळी आईनं आजीच्या नावानं पान काढलं, वडा मोडून भातावर ठेवला. कवेलूंवर ते मीच नेऊन ठेवलं, तिला काही बोललो नाही. आजीवर तिचा फार जीव होता. पण तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

डोळ्याला दिसेल तेवढंच ते मानत, हेही अर्धवट. पुरंदर नावाचा चार्वाक व्यवहारातलं अनुमान मानत होता, असं आठव्या शतकातल्या कमलशील या बौद्ध पंडितानं नोंदवलंय. म्हणजे आभाळ पाहून पेरणीला लागायला त्याची ना नसती. परलोकाचं अनुमान तेवढं त्याला मान्य नव्हतं. कौटिल्यानं तर सांख्य आणि योग या दर्शनांच्या पंक्तीला लोकायत, म्हणजे चार्वाकांचंच मत, बसवलं.

चार्वाकाच्या चरित्राचं विचारूच नको. महाभारताच्या शांतिपर्वात दुर्योधनाचा मित्र असलेला एक चार्वाक राक्षस आहे, लोक त्यालाच या मताचा कर्ता समजतात. भिक्षूच्या वेशात येऊन भर सभेत तो युधिष्ठिराला म्हणतो, की नातलग मारून मिळवलेल्या राज्याचा उपयोग काय. ब्राह्मण त्याला हुंकारानं मारतात. त्याच्या तोंडी ना ऋण, ना तूप.

सोमवारी मुदतवाढीसाठी पुन्हा जायचंय. त्या माणसाला हे सगळं सांगायचं मी ठरवलंय, शांतपणे. मोठे बाबा म्हणतात, बोलू नको, काम अडेल. तुला काय वाटतं ते त्याआधी फोन करून सांग.

तुझा,
प्रकाश