छुपा पैसा आणि संपादकाची जबाबदारी

महोदय,

लंडनचे ‘एन्काउंटर’ हे साहित्य-विचारांचे मासिक बंद पडून तीन दशके उलटली. त्याच्याबद्दल बोलताना ‘पैसा कुणाचाही असो, साहित्य तर उत्तम छापलं ना?’ असा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो. मला तो पटत नाही.

१९५३ साली इंग्रज कवी स्टीफन स्पेंडर आणि अमेरिकन लेखक आयर्विंग क्रिस्टल यांनी हे मासिक सुरू केले. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या लेखक-विचारवंतांच्या साम्यवादविरोधी संस्थेमार्फत त्याला सीआयए या अमेरिकन गुप्तचर यंत्रणेचा पैसा मिळत होता, हे १९६७ मध्ये जगजाहीर झाले. स्पेंडर आणि त्यांचे सहकारी फ्रँक करमोड यांनी राजीनामे दिले. आपल्याला अंधारात ठेवले गेले, असे स्पेंडर यांचे म्हणणे होते.

उत्तम लेखन छापले हे खरेच. पण १९५८ मध्ये अमेरिकन समीक्षक ड्वाइट मॅकडोनाल्ड यांचा अमेरिकेवर कडक टीका करणारा लेख आधी स्वीकारून नंतर नाकारला गेला, तो शेवटी ‘डिसेंट’ या अमेरिकन नियतकालिकाने छापला. तो नेमका कशामुळे परत गेला, या शंकेला जागा राहिली ती पैशाचा स्रोत लपवल्यामुळेच. लेखकांनी विश्वासाने मजकूर दिला, वाचकांनी वर्गणी भरली. दोघांनाही खरा आश्रयदाता माहीत नव्हता. माझ्या लेखी ही सरळसरळ फसवणूक आहे. मुंबईच्या ‘क्वेस्ट’ या इंग्रजी नियतकालिकाचाही याच संस्थेशी संबंध होता, म्हणून हा विषय आपल्यालाही परका नाही.

नियतकालिकांनी आपले देणगीदार दरवर्षी अंकातच छापावेत, अशी माझी मागणी आहे.

– एक जुना वाचक