मेल्बा लिस्टन यांच्यावरही लिहा

संपादक महोदय,

जॅझवर मराठीत लिहिले जाते तेव्हा ट्रॉम्बोनवादक मेल्बा लिस्टन नेहमी राहून जातात. 1926 साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीत जन्मलेल्या मेल्बांनी सातव्या वर्षी हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य हाती घेतले. त्याला पट्ट्या नसतात. नळी पुढेमागे सरकवत सूर कानानेच पकडावा लागतो. जॅझ गायिका बिली हॉलिडेंबरोबरचा 1949चा दौरा फसला आणि एवढ्या गुणी बाईंना काही वर्षे कारकुनी करावी लागली, हे वाचून जीव हळहळतो. पुढे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पींनी त्यांना आपल्या बँडमध्ये घेतले. पियानोवादक रँडी वेस्टन आणि मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठीचे त्यांचे संगीत संयोजन तर अप्रतिमच. 1985मध्ये पक्षाघाताने वादन थांबले, तरी संगणकावर त्या संयोजन करत राहिल्या. रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे