रात्रपाळीच्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार. "माझं नाव नको हं कुठे टाकू," असं डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही बजावलं होतं, म्हणून तुमचं नाव लिहीत नाही, हॉस्पिटलचंही नाही. बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या निम्म्या घरांत ते एव्हाना पोचलंय, त्याला मात्र माझा इलाज नाही.

अण्णांना अल्सरमधून रक्तस्राव झाला, हिमोग्लोबिन ६.२ वर आलं, आणि हृदयाचं पंपिंग आधीपासूनच कमी. रक्त तर द्यायलाच हवं, पण भराभर दिलं तर फुप्फुसांत पाणी साठणार. डॉक्टर दोन वाक्यांत एवढं सांगून गेले. ती दोन वाक्यं रात्रभर सांभाळली तुम्ही.

पिशवी आली तशी तुम्ही दुसऱ्या सिस्टरना बोलावलंत आणि दोघींनी मिळून मोठ्याने वाचलं: नाव, आयपीडी नंबर, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत. मग "आजोबा, पूर्ण नाव सांगा." अण्णा वैतागले, "अगं, संध्याकाळपासून तीनदा टोचलंस आणि आता नाव विचारतेस?" वॉर्डात त्या दिवशी अण्णा धरून दोन शिंदे होते. चुकीच्या गटाचं रक्त बहुतेकदा अशा नावांच्या घोळातूनच चढतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. पिशवी गार लागते म्हणून मामी ती गरम पाण्यात धरायला निघाल्या होत्या. "नको मामी, तांबड्या पेशी फुटतात त्यात," एवढंच म्हणालात, न रागावता. आणि फ्रिजबाहेर आल्यापासून चार तासांत पिशवी संपायलाच हवी, हेही.

पहिली १५ मिनिटं तुम्ही खाटेपासून हलला नाहीत. नळीतल्या थेंब पडायच्या चेंबरजवळ घड्याळ धरून थेंब मोजत होतात. त्या नळीच्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली. सुरुवातीला अगदी सावकाश, मग मिनिटाला २५-२७. "जरा फास्ट करा ना, लवकर सुटतील," असं आमच्या एका पाहुण्यांनी सुचवलं, तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलंत, ती अजून घरात नकलेचा विषय आहे.

दुसऱ्या पिशवीला अण्णा म्हणाले, "थंडी वाजतेय गं." मी चादर शोधू लागले. तुमचा हात आधी नळीच्या क्लॅम्पवर गेला. रक्त बंद. मग नवा सेट लावून सलाइन हळू चालू, शीर हातची जाऊ नये म्हणून. लेबल आणि मनगटावरची पट्टी पुन्हा ताडून पाहिलीत, डॉक्टरांना फोन केलात, उरलेली पिशवी आणि अण्णांच्या रक्ताचा नमुना ब्लड बँकेत पाठवलात. ताप १०१ पर्यंत चढला नि उतरला. गट जुळत होता. दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळे कधीकधी असा ताप येतो म्हणे. पण साधा ताप आणि जीवघेणी रिअ‍ॅक्शन, दोन्ही सुरुवातीला सारखीच दिसतात. म्हणून आधी बंद, मग विचार. हे तुम्ही मला पहाटे, चार्ट भरता भरता समजावलंत.

त्या चार्टचंही सांगायलाच हवं. अण्णांच्या चहाचा कप तुम्ही पहिल्याच दिवशी मापून घेतलात: ९० मिली. पाहुण्यांनी पाजलेला चहासुद्धा त्यात मांडायचा, लघवी जगने मोजायची, आणि रोज सकाळी वजन. एका रात्रीत किलोभर वाढलं तर ते अंगावरचं मांस नसतं, लिटरभर पाणी असतं. शेजारच्या खाटेवरचे काका मात्र "बेन, बाटलो चढावी दो ने, ताकात आवशे" म्हणून रोज मागे लागायचे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाचसहा चमचे, असा हिशेब तुम्ही त्यांना गुजरातीत मांडून दाखवलात. काकांना काही तो पटला नाही.

अण्णांचं हिमोग्लोबिन आता ११ आहे. पाणी अजून स्टीलच्या त्याच एका ग्लासाने मापून पितात आणि तुमच्यासारख्याच अक्षरात वहीत लिहितात. सोमवारी तपासणीला येऊ तेव्हा तुमची ड्युटी असो वा नसो, काउंटरवर बडोद्याचा लीलो (ओलसर) चिवडा ठेवून जाऊ. अण्णांना मीठ कमी करायला सांगितलंय, त्यामुळे अख्खा पुडा तुमच्याच वाट्याला.

तुमची,
अण्णांची धाकटी सून