धुराड्यातील लायनरचे सदोष काम काढून करारानुसार नव्याने करून देण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: स्टेनलेस स्टील लायनरचा कमी व्यास, फाटलेले इन्सुलेशन, उलटी जोडणी आणि चुकीचा पूर्णत्वाचा दाखला.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीने आमच्या घराच्या धुराड्यात जे लायनर (धूर वर नेणारी स्टीलची आतली नळी) बसवले आहे ते करारात लिहिलेले लायनर नाही. व्यास कमी आहे, त्यावरचे इन्सुलेशन (उष्णतारोधक वेष्टन) फाटलेले आहे, लायनर उलट्या दिशेने सोडले आहे, आणि भाजक्या मातीच्या ज्या जुन्या नळ्या फोडून काढायच्या होत्या त्या जागच्या जागी आहेत. तरीही काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर '६ इंच, पूर्ण उंचीला इन्सुलेशन' असे लिहून आपल्या पर्यवेक्षकांनी सही केली आहे. शेगडी आम्ही बंद ठेवली आहे आणि काम नीट होईपर्यंत पेटवणार नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी यातल्या प्रत्येक गोष्टीला 'किरकोळ फरक' म्हटले आणि एकेक करून ठीक करून देऊ असे सांगितले. म्हणूनच हे पत्र सविस्तर लिहावे लागत आहे. हे दोष सुटे सुटे नाहीत. मातीच्या नळ्या फोडण्याचे एक काम टाळले गेले आणि बहुतेक दोष त्यातूनच निघाले. ते काम केल्याशिवाय यातला मुख्य दोष दुरुस्त होऊच शकत नाही.

आधी मापांचा हिशोब पाहावा. लाकडावर चालणाऱ्या आमच्या दाराच्या शेगडीच्या धुराच्या तोंडाचा व्यास ६ इंच आहे. त्यानुसार करारात आतून ६ इंचाचे, ३१६ टीआय ग्रेडचे लवचीक लायनर, त्यावर सर्व बाजूंनी इन्सुलेशन म्हणून अर्धा इंच जाडीचे सिरॅमिक ब्लँकेट आणि त्यावर स्टीलची जाळी, एकूण लांबी २७ फूट, असे ठरले होते. ६ इंचात दोन्ही बाजूंचे अर्धा अर्धा इंच मिळवले की ७ इंच झाले. लायनरच्या पन्हळींची जाडी, जाळी आणि ब्लँकेटचा सांधा धरला की बाहेरचे माप साडेसात इंचांच्या आसपास जाते. जुन्या चौकोनी नळीचे आतले माप आहे पावणेसात इंच. पावणेसात इंचांतून साडेसात इंच उतरत नाहीत. पाहणीच्या दिवशी आपल्याच माणसाने टेप लावून हे मोजले, आणि म्हणूनच अंदाजपत्रकात 'जुन्या नळ्या फोडणे व राडारोडा काढणे' ही वेगळी ओळ आली. त्या ओळीचे पैसे आम्ही पूर्ण भरले आहेत.

प्रत्यक्षात नळ्या फोडल्याच नाहीत. धुराड्याच्या तोंडावरची प्लेट उचलली की मातीच्या नळीची कड अखंड दिसते. त्यातून उतरावे म्हणून ६ इंचांऐवजी साडेपाच इंचांचे लायनर आणले गेले आणि शेगडीजवळ रिड्यूसर (दोन वेगळ्या व्यासांच्या नळ्या जोडणारा तुकडा) लावून ते जुळवले गेले. साडेपाच अधिक ब्लँकेटचा एक इंच म्हणजे साडेसहा. पन्हळी आणि जाळी धरल्यावर पावणेसातच्या चौकोनात चारही बाजूंनी घासत जाणार, हे लायनर हातात धरणाऱ्या कोणालाही कळायला हवे होते.

अर्धा इंच ऐकायला थोडा वाटतो. धूर मात्र व्यासातून जात नाही, क्षेत्रफळातून जातो. ६ इंच व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस इंच आणि साडेपाचचे सुमारे २३.८, म्हणजे जवळपास १६ टक्के वाट कमी झाली. वरून १५ फुटांवर धुराड्याला बाक आहे. तिथे लायनर दाबले जाऊन साडेचार बाय सव्वासहा इंचांचे लंबगोल झाले आहे आणि वाट २२ चौरस इंचांवर आली आहे. सर्वात अरुंद जागा ठरवेल तेवढीच ओढ सगळ्या धुराड्याला मिळते. म्हणून धुराडे पूर्ण तापल्यानंतरही लाकूड घालायला दार उघडले की धूर खोलीत येत होता. धूर निदान दिसतो. त्याच्याबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. शेगडीच्या पुस्तिकेत धूरमार्ग कुठेही ६ इंचांपेक्षा अरुंद करू नये असे स्पष्ट लिहिले आहे, आणि ही पुस्तिका पाहणीच्या वेळी आपल्या माणसाच्या हातात होती.

आता इन्सुलेशन. या तक्रारीतला सर्वात गंभीर भाग हाच आहे. वरची प्लेट काढून लायनर आणि मातीची नळी यांच्या फटीतून बारीक कॅमेरा सोडून चित्रण घेतले. बाकाच्या ठिकाणी दोन नळ्यांच्या सांध्यातून बाहेर आलेल्या बांधकामाच्या मसाल्याचा कडक ओठ आहे. लायनर खाली ढकलताना ब्लँकेट त्या ओठाला अडले आणि सैल मोजा घोट्यावर गोळा व्हावा तसे वरच्या बाजूला गोळा झाले. जाळीची एक तार तुटून ओठात रुतलेली आहे आणि तिच्यावर पांढऱ्या तंतूंचा झुबका लोंबतो आहे. तिथून खाली सुमारे ३ फूट उघडे स्टील आहे. आणखी खाली ब्लँकेटचा उभा सांधा उकलला आहे, कारण तो नुसता फॉइल टेपने चिकटवलेला होता. फवाऱ्याचा गोंद नाही, ठरावीक अंतरावर पट्टे नाहीत, आणि जाळीची टोके एकमेकांत पिळलेली नाहीत.

ते ३ फूट नेमके कुठे आहेत हेही पाहावे. वरच्या मजल्याच्या लाकडी तुळया धुराड्याच्या विटांना जिथे टेकतात, तिथेच. विटा आणि लाकूड यांच्यात मोकळी जागा नसेल, तर पूर्ण इन्सुलेशन असलेले लायनर हीच तिथली सुरक्षितता असते. इन्सुलेशन कराराचा भाग होते ते याचसाठी. लाकूड वर्षानुवर्षे तापत राहिले की आतून काळवंडत जाते आणि कमी तापमानालाही पेट घेण्याच्या स्थितीत येते. बाहेरून काही दिसत नाही. धुराड्यात एकदा काजळीची आग लागली की आतले तापमान १००० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते, आणि त्या वेळी तुळई आणि आग यांच्यात जे हवे तेच आपण फाडून ठेवले आहे.

इन्सुलेशनचे दुसरे काम धूर गरम ठेवण्याचे. आतला पृष्ठभाग सुमारे १२० अंशांच्या खाली गेला की धुरातली डांबरी वाफ त्यावर थिजते आणि क्रिओसोटचा थर धरतो. उघडे पडलेले स्टील थंड राहते, तिथे आणि त्याच्या वर थर आधी जमतो. आतून घेतलेल्या चित्रणात बाकाच्या वरच्या ४ फुटांत चकाकणारा काळा थर दिसतो. त्याच लायनरच्या खालच्या, इन्सुलेशन शाबूत असलेल्या भागात फक्त कोरडी, ब्रशने निघणारी काजळी आहे. लाकूड तेच, शेगडी तीच, पेटवण्याची पद्धत तीच. फरक ब्लँकेटचा आहे.

'ओले लाकूड जाळता म्हणून असे झाले' हे आपल्या प्रतिनिधींचे म्हणणे आम्हाला मान्य नाही. लाकूड ताजे फोडून आतल्या बाजूला आर्द्रतामापक लावला असता १६ टक्के आले. २० टक्क्यांखालचे लाकूड जाळण्यायोग्य मानले जाते.

दिशेबद्दल. लायनरवर धुराच्या दिशेचे बाण छापलेले असतात आणि ते वर, धुराड्याच्या टोपीकडे असावे लागतात. वरच्या प्लेटच्या जेमतेम ५ इंच खाली असलेला बाण खाली दाखवतो आहे. पट्टी गुंडाळून केलेल्या लायनरमध्ये पट्ट्यांचे पदर एकावर एक चढलेले असतात. योग्य दिशेने लावले तर ओघळणारा द्रव एका पदरावरून दुसऱ्यावर उतरत खाली जातो. उलटे लावले की प्रत्येक पदर वर तोंड करून उभा राहतो, आम्लयुक्त पाणी आणि डांबर सांध्यात शिरते आणि सफाईचा ब्रशही कडेला अडकतो. प्लेट बसवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो बाण होता.

लायनर सोडण्यापूर्वी जुने धुराडे खरवडून झाडणे करारात होते. तेही झालेले नाही. मातीच्या नळीच्या आतल्या बाजूला जुन्या क्रिओसोटचा जाड थर तसाच आहे. आता तो लायनरच्या मागे बंद झाला आहे, जिथे कोणताही ब्रश पोहोचणार नाही, आणि आत काजळीची आग लागली तर उघड्या स्टीलच्या उष्णतेने तो पेटू शकतो.

खालच्या 'टी'ची (टी आकाराच्या जोडणीची) नळी दोनच स्क्रूंवर अडकवली आहे, आणि तेही जस्ताचा मुलामा दिलेले. तिथे स्टेनलेसचे किमान तीन स्क्रू आणि कसणारा पट्टा हवा. काही आठवड्यांतच त्यातल्या एका स्क्रूखालून गंजाचा तांबूस ओघळ नव्याकोऱ्या टीवर उतरला आहे. टीचे खालचे झाकण सिमेंटने लिंपून टाकले आहे. सफाईत पडणारी काजळी काढायची कुठून? वरच्या प्लेटखाली उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनऐवजी साधे सीलंट भरले आहे, ते आत्ताच सुटू लागले आहे.

ग्रेडबद्दलही खुलासा हवा. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असते, ते ३०४ मध्ये नसते, आणि धुरातल्या क्लोराइडमुळे पडणाऱ्या बारीक छिद्रांपासून तेच वाचवते. 'टीआय' म्हणजे टायटॅनियम; त्यामुळे जास्त तापमानात स्टीलच्या कणांच्या सीमेवरून होणारी झीज रोखली जाते. हे दोन्ही ग्रेड चुंबकाला सहसा चिकटत नाहीत, दिसायलाही सारखेच असतात. म्हणून रोलवरचे लेबल हाच ग्राहकाच्या हातातला पुरावा. ते लेबल आम्ही दोनदा मागितले, अजून मिळालेले नाही. माप बदलले गेले हे उघड झाल्यावर ग्रेडबाबत नुसत्या शब्दावर विसंबणे आम्हाला शक्य नाही.

आपण सुचवलेल्या दोन उपायांबद्दल आमचे म्हणणे असे. लायनर तसेच ठेवून फटीत वरून व्हर्मिक्युलाइटचे (उष्णतारोधक खनिजाचे) मिश्रण ओतू, असे सांगण्यात आले. ओतायच्या इन्सुलेशनला लायनरभोवती साधारण १ इंच मोकळी जागा लागते. इथे कोपरे सोडले तर अर्धा इंचही नाही, आणि बाकावर गोळा झालेल्या ब्लँकेटने ती फटही बुजवली आहे. मिश्रण तिथेच तुंबेल आणि ज्या ३ फुटांसाठी ते ओतायचे ते पोकळच राहतील. शिवाय एकदा ओतले की लायनर पुन्हा ओढून काढणे फार अवघड होईल आणि मागचा क्रिओसोट कायमचा आत राहील. कृपया असे काही करायला माणसे पाठवू नयेत. दुसरा उपाय, रिड्यूसर बदलून जास्त उताराचा लावणे. त्याने साडेपाच इंचांचे ६ इंच होत नाहीत.

म्हणून आमची मागणी सगळे काम नव्याने करण्याची आहे, आणि क्रम असा असावा: सध्याचे लायनर वरून ओढून काढावे. धुराडे झाडावे. मग फिरत्या डोक्याच्या यंत्राने मातीच्या नळ्या वरून खाली टप्प्याटप्प्याने फोडाव्यात आणि राडारोडा खालून रोजच्या रोज काढावा, नाहीतर बाकावर तो अडकून बसतो. नळ्या निघाल्यावर आतल्या विटांचे सांधे कॅमेऱ्याने तपासून उघडे सांधे भरावेत. हे चित्रण आम्हाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर ६ इंचाचे ३१६ टीआय लायनर जमिनीवर सरळ पसरून गोंदाने ब्लँकेट चिकटवावे, फॉइलची बाजू बाहेर, सांध्यावर टेप, त्यावर जाळी घट्ट ओढून टोके पिळलेली आणि दोन्ही टोकांना पट्टे. बाण वर आहेत हे छतावर चढवण्यापूर्वीच पाहावे. खालच्या टोकाला ओढशंकू लावून एकाने वरून सोडावे आणि एकाने खालून दोरीने ओढावे. बाकावर अडले तर जोर न लावता वर घेऊन पुन्हा सोडावे. टीला स्टेनलेस स्क्रू आणि पट्टा, खाली उघडता येणारे झाकण, वर योग्य सिलिकॉन.

गुंडाळून तयार झालेले लायनर आत जाण्यापूर्वी आम्ही स्वतः मोजून पाहू, त्याचे फोटो घेऊ आणि रोलवरचे लेबल ताब्यात घेऊ. काम झाल्यावर आमच्यासमोर धूर चाचणी व्हावी, आतून आणि फटीतून अशी दोन्ही चित्रणे मिळावीत, आणि सध्याचा चुकीचा दाखला लेखी रद्द करून नवा द्यावा. घराचा विमा आणि पुढची प्रत्येक सफाई याच दाखल्यावर विसंबून असते; तो खोटा असला तर पुढे धुराड्यात डोकावणारा माणूसही फसतो.

या कामाचा सर्व खर्च, तसेच स्वतंत्र तपासणीसाठी आम्हाला आलेला खर्च कंपनीने सोसावा. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कामाची तारीख आणि वरील क्रमाला लेखी संमती कळवावी. करारानुसार काम करणे कंपनीला शक्य नसेल, तर तसे याच मुदतीत कळवून पूर्ण रक्कम परत करावी, म्हणजे थंडीपूर्वी आम्हाला दुसऱ्याकडून काम करून घेता येईल.

कळावे.

आपले,
ग्राहक

सोबत: करार व अंदाजपत्रकाची प्रत, पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत, मापांसह फोटो, कॅमेऱ्याची दोन चित्रणे.