फळा स्मार्ट झाला, चुकीचं उत्तर कोण वाचणार?

संपादक महोदय,
स. न.

शाळांमधले स्मार्ट फळे, टॅब आणि ‘डिजिटल वर्ग’ यांच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. बातमीत पडद्याचा आकार असतो, उपकरणांची संख्या असते, पाहुण्यांची नावं तर असतातच. त्या फळ्यावर दशांश अपूर्णांक शिकवून झाल्यावर ते किती मुलांना कळले, हे मात्र कुठे नसतं. मी पाचवी ते आठवीला गणित शिकवते, आणि मला नेमकं तेवढंच वाचायचं असतं.

एक उदाहरण देते. ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ठामपणे ०.३५ म्हणतात, कारण पाचापेक्षा पस्तीस मोठे. ही चूक आम्हा शिक्षकांच्या चांगल्या ओळखीची आहे. पण ०.५ असं बरोबर उत्तर देणाऱ्यांतही एक गट फसलेला असतो. शतांश दशांशापेक्षा लहान, म्हणून दशांशचिन्हापुढे जितके जास्त अंक तितकी संख्या लहान, असा नियम या मुलांनी स्वतःच बसवलेला असतो. त्यांना ०.४ आणि ०.४५ विचारा, ०.४ मोठी म्हणून मोकळी होतात. आमच्याकडे आलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये सगळी उदाहरणं ०.५ आणि ०.३५ या पहिल्या जातीचीच होती. हा चुकीचा नियम लावणाऱ्या मुलासाठीही त्याने टाळ्या वाजवल्या, तीन तारे दिले आणि त्याला पुढच्या धड्यावर पाठवलं. (ॲनिमेशन सुंदर होतं, हेही सांगायला हवं.)

म्हणून शाळेसाठी काहीही घेताना ते काय दाखवतं याआधी, मुलाच्या चुकीचं ते काय करतं हे पाहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही अपेक्षा काही आजची नाही. सिडनी प्रेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच प्रश्न विचारणारं यंत्र बनवलं होतं; बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येणार नाही, अशी सोय त्यात होती. १९५३ मध्ये बी. एफ. स्किनर हे दुसरे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले आणि दोन गोष्टी त्यांना खटकल्या: सगळ्यांनी एकाच गतीने चालायचं, आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळायचं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या शिकवणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. स्किनर यांचे बाकीचे विचार मला फारसे पटत नाहीत, पण या दोन तक्रारींखाली मी आजही सही करीन.

उपकरण नुसतं हाती दिल्याने काय होतं, हे पेरू देशाने पाहिलं आहे. तिथे मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप दिले गेले. लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची सुमारे १५ महिन्यांनी तुलना झाली, तेव्हा गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. तर्कशक्तीच्या चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, ती नाकारू नये. उलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना शाळा सुटल्यावर ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर वापरायला दिलं, तेव्हा साडेचार महिन्यांतच गणित आणि हिंदी या दोन्हींत चांगली वाढ झाली. त्या अभ्यासात सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि सॉफ्टवेअरने प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीवरचे प्रश्न दिले. शिवाय तिथे छोट्या गटाला शिकवणारा माणूसही होता. विक्रेते हे शेवटचं वाक्य सहसा गाळतात.

मुलांच्या चुका शोधायला प्रत्येकाच्या हाती पडदा लागतोच असं नाही. एक सोपी पद्धत अशी: कागदावर छापलेली चौकोनी नक्षी मुलाने वर धरायची. कोणती बाजू वर आहे त्यावरून उत्तर अ, ब, क की ड हे ठरतं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी दिसतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं पाहून उत्तर देणंही अवघड. एरवी हात वर करणारी तीच पाच-सहा मुलं असतात. इथे गप्प बसणाऱ्यांचीही उत्तरं येतात. प्रश्न मात्र विचारपूर्वक काढावे लागतात, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या खऱ्या गैरसमजातून आलेला असावा लागतो. हे काम ज्यांनी वर्षानुवर्षं वह्या तपासल्या आहेत त्यांचं आहे. पण खरेदीच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावत नाही.

आता खरी अडचण. समजा, अशा तपासणीतून एकाच वर्गात तीन प्रकारचे गैरसमज असलेले तीन गट सापडले. दुसऱ्या दिवशीचा तास तर पुढच्या धड्याचा असतो, आणि पोर्शन मागे राहिला की विचारणा होते ती शिक्षकाला. त्यामुळे शाळाचालकांना माझी विनंती आहे: उपकरणांच्या मागणीपत्राबरोबरच वेळापत्रकात गणिताला आठवड्यातून एक तास असा द्या, ज्यात नवं काही शिकवायचं नाही, फक्त त्या आठवड्यात सापडलेल्या चुका घ्यायच्या. तो तास देणं शक्य नसेल, तर खरेदी वर्षभर पुढे ढकलली तरी आम्हा शिक्षकांची काही तक्रार असणार नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका