बेर्लेवोगचा रस्ता

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, बेर्लेवोगच्या नगरपालिकेत तू रुजू होणार. वस्ती जेमतेम ९००, तरी शाळा, पाणी, म्हाताऱ्यांची देखभाल, डॉक्टर हे सगळं नगरपालिकेच्याच अंगावर. ते काम तू शिकशील. मला काळजी आहे ती रस्त्याची.

तानाब्रू या गावापासून बेर्लेवोगचं अंतर सुमारे १३० कि.मी. रस्ता क्रमांक ८९० कोंग्सफ्योर्डच्या डोंगरावरून जातो. वर आडोसा नाही, त्यामुळे नवा बर्फ पडला नाही तरी जुनाच उडतो आणि समोरचं दिसेनासं होतं. मग फाटक पाडतात आणि बर्फ काढणाऱ्या गाडीमागून मोजक्या गाड्या रांगेनं सोडतात. निघण्याआधी १७५ वर फोन करून रस्त्याची स्थिती विचारायची. टाकी पूर्ण भरलेली, सोबत फावडं, बॅटरी, ओढायचा दोर, खाणं, गरम पाणी. जाड कपडे अंगावरच हवेत; डिकीतले ऐन वेळी हाताशी येत नाहीत.

फाटकाशी थांबलीस की दिव्यांवरचा बर्फ पूस. एलईडी दिवे तापत नाहीत, त्यामुळे तो वितळत नाही. मागचा धुक्याचा दिवा लाव. पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतील एवढंच अंतर ठेव. रांगेत गाडी वळवायची नाही, कितीही भीती वाटली तरी. पुढचे दिवे हरवले तर धोक्याचे दिवे लावून थांब आणि गाडीतच बस. उतरून चार पावलं गेलं की आपलीच गाडी सापडत नाही. थांबल्यावर इंजिन चालू ठेवायचं असेल तर धुराची नळी मोकळी आहे ना ते बघ. बर्फानं बुजली की विषारी वायू आत येतो.

गावात गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेव. मागून वारा आला तर उघडलेलं दार बिजागरीतून उखडतं. हँडब्रेक गोठतो, म्हणून गिअरमध्ये ठेव.

बंदराच्या बांधावर मरीन ड्राइव्हला आहेत तसे चार पायांचे टेट्रापॉड दिसतील. लाटेचं पाणी त्यांच्या फटींत शिरून तिचा जोर मोडतो. त्यांच्यावर चढू नकोस, शेवाळानं घसरतात. वादळात किनाऱ्यानं जाणारी बोटही गावाला न थांबता पुढे जाते. तेव्हा रस्ता आणि बोट एकदमच बंद. मोठं इस्पितळ किर्केनेसला, म्हणून रोजची औषधं दोन आठवड्यांची शिल्लक ठेव.

नोव्हेंबरअखेरपासून जवळपास दोन महिने सूर्य उगवत नाही. पहिला हिवाळा एकटीनं डोंगर ओलांडू नकोस.

तुझे बाबा